जामीनदार

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला संध्याकाळचे पाच वाजले की निवृत्तीनंतरही उगीचच हुरहुर वाटते. रोख मोजली का, पुस्तकाशी जुळली का, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांच्या खिशात गेल्या का, हे प्रश्न अंगात मुरलेले असतात. आपल्यापैकी ज्यांच्या पेढीवर अजून रोजमेळ लिहिला जातो, त्यांना ही अवस्था वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. शिल्लक जुळल्याशिवाय दिवस संपत नाही.

१९९५ साली मी नाशिक रोड येथील एका शाखेत व्यवस्थापक होतो. या उपनगराची रचना मोठी गमतीची आहे. जेल रोडच्या परिसरात चलनी नोटा छापणारे मुद्रणालय आणि मध्यवर्ती कारागृह ही दोन्ही शेजाराने नांदतात. आमच्या खातेदारांत नोटा छापणारेही होते आणि नोटांच्या मोहापायी आत आलेल्यांवर पहारा देणारेही. एका संध्याकाळी शंभर रुपयांचा फरक निघाला. रोखपाल घामाघूम झालेला, शटर अर्धे खाली, आणि बाकावर एक खाकी गणवेशातील हवालदार धनाकर्षाची वाट पाहत बसलेले. धाकट्या भावाच्या परीक्षा शुल्काचा तो धनाकर्ष होता. तासाभराने मी त्यांची क्षमा मागितली, तेव्हा ते म्हणाले, "असू द्या साहेब. आमच्याकडंही रोज संध्याकाळी हेच असतं. फक्त तुमच्या नोटा ठेवल्या जागी राहतात. आमच्या चालतात, बोलतात, आजारी पडतात."

फरक नंतर सापडला. एका गड्डीत एक नोट जास्त गेली होती. हवालदारांचे ते वाक्य मात्र माझ्याजवळ राहिले, आणि कालांतराने ते गृहस्थही राहिले. शिपाई म्हणून १९८४ साली भरती झाले, हवालदार झाले, सुभेदार होऊन २०२० मध्ये निवृत्त झाले. त्यांचे नाव येथे देत नाही, सुभेदार एवढेच म्हणतो. आता आम्ही एकाच वसाहतीत राहतो आणि पहाटे बरोबर फिरायला जातो. या लेखातील कारागृहाविषयीचे बरेचसे ज्ञान त्या फेऱ्यांत मिळालेले आहे.

आपल्या घरांत 'जेल' हा शब्द हळू आवाजात उच्चारला जातो. त्या भिंतीआड कोण जाते याची आपल्याला भीती असते आणि थोडे कुतूहलही असते. परंतु तेथे रोज सकाळी डबा घेऊन, नोकरीवर म्हणून कोण जाते, याचा विचार आपण करत नाही. मीही केला नव्हता.

सुभेदारांचा दिवस दिंडी दरवाजाने सुरू होई. कारागृहाच्या प्रवेशद्वाराला एकामागे एक दोन दारे असतात. एक बंद झाल्याखेरीज दुसरे उघडायचे नाही, हा पहिला नियम. आत जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद आणि झडती. त्यातून कर्मचारीही सुटत नाहीत. मोबाइल बाहेर ठेवायचा. एकदा आत गेले की पाळी संपेपर्यंत घरच्या जगाशी संबंध तुटला. मग किल्ल्या मोजून ताब्यात घ्यायच्या, रात्रपाळीकडून आकडा घ्यायचा, बराकींपुढे जाऊन माणसे मोजायची आणि आकडा जुळल्यावर कुलपे उघडायची. याला ते 'बंदी उघडणे' म्हणतात. संध्याकाळी सूर्य कलला की पुन्हा मोजणी, आणि मग 'बंदी होते'. मोजणीला त्यांचा शब्द गिनती.

या गिनतीचे गणित ऐकून मला हसूच आले, कारण ते हुबेहूब आपल्या रोजमेळाचे आहे. कालची शिल्लक, अधिक आज आलेले नवे बंदी, वजा सुटलेले, वजा न्यायालयात गेलेले, वजा रुग्णालयात असलेले, वजा रजेवर गेलेले. शिक्षा झालेल्यांना मिळणारी संचित रजा आणि अभिवचन रजा, ज्यांना आपण फर्लो आणि पॅरोल म्हणतो, त्यांच्याही नोंदी यात येतात. उत्तर आले की बराकींतील डोकी त्याच्याशी जुळली पाहिजेत. एक फरक मात्र आहे. बँकेत तफावत सापडलीच नाही, तर ती 'सस्पेन्स' खात्यात टाकून रात्री दहाला का होईना घरी जाता येते. कारागृहात सस्पेन्स खाते नाही.

ते एका जिल्ह्याच्या ठिकाणी नेमणुकीस असताना एकदा संध्याकाळी गिनतीत एक माणूस कमी आला. तीनदा मोजले, तरी एक कमीच. दिवसपाळीचा एकही कर्मचारी घरी गेला नाही. बाहेर वसाहतीत बायकामुलांना धोक्याची घंटा ऐकू आली आणि चुली तशाच राहिल्या. अडीच तासांनी तो सापडला. स्वयंपाकघराच्या कोठारात पिठाच्या पोत्यांमागे एकोणीस वर्षांचा एक मुलगा गाढ झोपलेला होता. बराकीत माणसे इतकी दाटलेली असत की कूस बदलायची तर शेजाऱ्याला जागे करावे लागे. पोत्यांमागे त्याला पाय लांब करायला मिळाले होते, एवढेच.

मी सुभेदारांना विचारले, "मग तुम्ही काय केले?"

"चार शब्द सुनावले. नोंद केली, ती करावीच लागते. मग त्याची फाईल काढली. साहेब, त्या पोराला जामीन मंजूर होऊन दीड महिना झाला होता. पंधरा हजारांचा जामीनदार मिळत नव्हता म्हणून आत होता."

आपल्या भाषेत कर्जाला हमी देणारा तो जामीनदार, आणि आरोपीला हमी देणारा तोही जामीनदार. बँकेतल्या माझ्या टेबलावर हा शब्द दिवसातून वीस वेळा येत असे. त्याचा दुसरा अर्थ असा कोणाच्या तरी उघड्या पायांसह समोर येईल, हे कधी मनात आले नव्हते.

थोडे आकडे देतो. सवय जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि मंजूर क्षमता होती ४,३६,२६६. शंभर माणसांच्या जागेत एकशे एकतीस. त्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा खटला अद्याप निकाली निघालेला नाही असे. बोलीभाषेत ज्यांना कच्चे कैदी म्हणतात ते हेच. आता कर्मचाऱ्यांकडे पाहू. आदर्श नियमावलीचे प्रमाण दर सहा बंद्यांमागे एक रक्षक असे आहे. पण दिवसाच्या पाळ्या तीन. म्हणजे सर्व पदे भरलेली असली, तरी एका वेळी अठरांमागे एक. त्यातून प्रवेशद्वार, मनोरे, मुलाखतीची जागा आणि रजेवरची माणसे वजा करा. आणि पदे सगळी भरलेली नसतातच. सुभेदारांनी दोन-दोन बराकी एकट्याने सांभाळलेल्या आहेत. त्यांच्या कमरेला त्या वेळी काठी असे. "काठीचा काय उपयोग," ते म्हणतात, "दोनशे माणसं ऐकतात ती काठीमुळं नाही. सकाळी दिलेला शब्द तुम्ही संध्याकाळी पाळता का, हे ती बघत असतात."

शब्द कसला? तर अगदी क्षुल्लक. अमक्याचे पत्र टपालात पडले का ते बघून सांगतो. तमक्याची न्यायालयाची तारीख कुठली ते विचारून येतो. बंद्यांना न्यायालयात नेण्यासाठी पोलिसांचे पथक यावे लागते. ते न आले की तारीख हुकते, आणि त्या निराशेला तोंड द्यायला समोर उभा असतो तो कारागृहाचा शिपाई. ज्याला वाचता येत नाही त्याला घरचे पत्र वाचून दाखवायचे. मुलाखतीला जाळीपलीकडे बायको आली आणि वेळ संपली, की 'चला' म्हणण्याचे काम यांचेच. सुभेदार म्हणतात की या नोकरीत सर्वांत जड शब्द 'चला' हाच आहे. सुटकेचा आदेश संध्याकाळी वेळेत पोहोचला नाही, तर आत तयार होऊन बसलेल्या माणसाला 'आता उद्या' हे सांगायलाही तेच.

एक गोष्ट त्यांनी मला फार उशिरा, ओळख होऊन वीस वर्षे झाल्यावर सांगितली. बंद्याच्या घरी मृत्यू झाला की निरोप प्रथम कार्यालयात येतो. तो बराकीत नेऊन सांगायचा कसा? सुभेदारांची स्वतःची अशी एक रीत होती. दुपारनंतर निरोप आला आणि रजेचे काम त्या दिवशी होण्यासारखे नसले, तर वरिष्ठांना विचारून ते तो सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवीत. "बंदी झाल्यावर सांगितलं, तर तो माणूस चौदा तास कुलपात एकटा रडणार. दोनशे जणांत असला तरी एकटाच. सकाळी सांगितलं तर दार उघडं असतं, नळावर जाता येतं, चार जण जवळ बसतात, अर्ज लिहायला घेता येतो." हे बरोबर की चूक, मला ठरवता येत नाही. वडील गेल्याचे ज्याला एक रात्र उशिरा कळले, तो रागावलाही असेल. मी हे बोलून दाखवले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प चालत राहिले. मग म्हणाले, "माझे वडील गेले तो निरोप अकराला गेटवर आला होता. मी आत होतो. बदली माणूस मिळून मी बाहेर आलो तेव्हा दोन वाजले होते. मधले तीन तास मी लोकांना रांगेत जेवण वाढून घेत होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं. ते बरं केलं की वाईट, मलाही अजून ठरवता येत नाही."

घरच्या बाजूबद्दल ते फारसे बोलत नाहीत. गुडघे गेले आहेत, पायांच्या शिरा फुगल्या आहेत. तासन्तास उभे राहण्याची ती मिळकत. दिवाळीचा पहिला दिवस घरी, असे छत्तीस वर्षांत मोजकेच झाले. मुलगा पहिलीत असताना बाईंनी विचारले, वडील कोठे असतात? तो म्हणाला, जेलमध्ये. वर्ग हसला. पोराने घरी येऊन शाळेत जाणार नाही म्हणून हट्ट धरला. एप्रिल २०२० मध्ये महामारीमुळे मुंबई, ठाणे, येरवडा, भायखळा आणि कल्याण ही पाच कारागृहे पूर्णतः बंद करण्यात आली. आतले कर्मचारी आत, बाहेरचे बाहेर. सुभेदार तेव्हा येरवड्याला होते. सेवेचे अखेरचे काही आठवडे ते बंद्यांसारखेच भिंतीआड राहिले, आणि निवृत्त झाले तेव्हा ना हार, ना निरोप समारंभ. पेटी उचलून दिंडी दरवाजातून बाहेर आले, तर न्यायला येण्याची मुलाला परवानगी नाही. अजूनही रात्री दोनदा उठून ते घराची कडी पाहतात. वहिनी म्हणतात, "निदान आम्हाला मोजत तरी नाहीत."

आता माझ्या स्वतःच्या वागण्याबद्दल सांगणे भाग आहे.

१९९७ साली त्यांनी आमच्या शाखेत गृहकर्जासाठी अर्ज केला. शासकीय नोकरी, पगारातून कपातीची हमी, खाते स्वच्छ. अशा अर्जाला त्या वेळी एक जामीनदार पुरे होत असे. मी दोन मागितले, आणि त्यातला एक त्यांच्या खात्याबाहेरचा असावा अशी अट घातली. लेखी नियम तसा नव्हता. पण खाकी गणवेशाच्या माणसाकडून वसुली कठीण, हा समज बँकिंग क्षेत्रात कुजबुजीने चालत आलेला होता, आणि मी त्याला बळी पडलो. बळी पडलो म्हणणेही खरे नाही. मी तो विचारपूर्वक वापरला. सुभेदारांनी अर्ज परत घेतला, काही बोलले नाहीत, आणि आठ दिवसांनी दोन सह्या घेऊन आले. एक शाळामास्तर. दुसरे आपल्याच समाजाचे जेल रोडवरील एक किराणा व्यापारी.

मी त्या व्यापाऱ्यांना मुद्दाम बोलावून घेतले. जामीनदाराची जबाबदारी समजावून सांगणे हे माझे कर्तव्यच होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, बारा वर्षं माझ्याकडं यांचं महिन्याचं खातं आहे. एक तारखेचे पैसे दोन तारखेला गेले नाहीत. तुमच्या बँकेला याहून काय जास्त ठाऊक आहे?" कर्ज पंधरा वर्षांचे होते. ते तेराव्या वर्षी फिटले, एकही हप्ता न चुकता.

या गोष्टीची आठवण मला तीव्रतेने झाली ती २०२२ मध्ये. त्या वर्षी १ मे रोजी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवडा कारागृहात 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू केली. शिक्षा भोगणाऱ्या बंद्यांना, त्यांच्या कुटुंबाच्या गरजेसाठी, पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज. व्याज सात टक्के. तारण नाही, जामीनदार नाही. परतफेड कारागृहातील कामाच्या वेतनातून. व्याजातील एक टक्का बंदी कल्याण निधीला. बँकेत असतो तर अशा प्रस्तावावर मी काय शेरा मारला असता, हे मला चांगले माहीत आहे. दुसऱ्या दिवशी फिरताना मी ही बातमी सुभेदारांना सांगितली. ते एवढे हसले की थांबून कमरेवर हात ठेवावे लागले. "म्हणजे साहेब, कैद्याला एकही नको, आणि मला दोन?" पंचवीस वर्षांत त्यांनी त्या विषयावर काढलेला तो पहिला शब्द.

मी क्षमा मागितली. ते म्हणाले, "सोडा हो, घर झालं ना."

मूळ गोष्ट मात्र याहून वेगळी आहे आणि ती तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मुलीच्या लग्नात घडली.

पाहुण्यांत एक शेठजी होते. धान्याचा जुना व्यापार, सचोटीचे नाव. पंधराएक वर्षांपूर्वी ते एका पतसंस्थेचे संचालक होते. संस्था बुडाली आणि ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा जो १९९९ चा राज्याचा कायदा आहे, त्याखाली सर्व संचालकांना अटक झाली. सह्या करण्यापलीकडे शेठजींचा त्यात हात नव्हता. पुढे न्यायालयाने त्यांना दोषमुक्तही केले. पण मधे सत्तेचाळीस दिवस ते न्यायालयीन कोठडीत होते. आपल्या समाजात हे ठाऊक असणारे आम्ही पाच-सात जण. बाकीच्यांना ते त्या काळात दक्षिणेकडे मुलीच्या घरी गेले होते असे सांगितलेले.

लग्नात सुभेदार ताट घेऊन चालले होते आणि समोरून शेठजी आले. दोघे हातभर अंतरावर. सुभेदारांची नजर शेठजींवरून अशी सरकली, जशी मांडवाच्या खांबावरून सरकावी. शेठजी मात्र जागीच थबकले. त्यांच्या शेजारी त्यांचे नवे व्याही उभे होते. क्षणभराने तेही वळले. मी हे पाहिले आणि माझ्या मनात हिशेब जुळला. दुसऱ्या दिवशी मी आडून विचारले, "त्या शेठजींना आपण कधी भेटला आहात का?"

"नाही साहेब," सुभेदार म्हणाले. आणि ट्रॅकवरच्या खड्ड्याबद्दल बोलू लागले.

गेल्या चातुर्मासात शेठजी स्वतःहून माझ्याकडे आले. चहा घेतला नाही, नुसतेच बसले. मग म्हणाले, "तुमच्याबरोबर सकाळी फिरतात ते हवालदार. ते मला ओळखतात."

मी म्हणालो, त्यांनी तर नाही म्हणून सांगितले.

शेठजींनी मान खाली घातली. मग त्यांनी पहिल्या रात्रीची हकीकत सांगितली. संध्याकाळी आत घेतले, पट्टा काढून घेतला, चष्मा तेवढा ठेवला. जन्मात जमिनीवर कांबळे टाकून झोपलेले नव्हते. भिंतीला टेकून बसले आणि मनात एकच विचार घोळू लागला, जो त्यांनी मला स्पष्ट शब्दांत सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. रात्री दहाच्या सुमारास गजांपाशी एक हवालदार येऊन थांबला. "शेठ, धान्याचे व्यापारी ना तुम्ही? तुरीचा काय भाव चाललाय?" शेठजींना राग आला, तरी सवयीने त्यांनी भाव सांगितला. अर्ध्या तासाने पुन्हा. "आणि गव्हाचा? आमच्या गावाकडं म्हणतात यंदा पडणार." मग ज्वारी. मग गूळ. साडेतीनला हरभरा. "जाती तरी किती असतात हो हरभऱ्याच्या?" शेठजी वैतागून सविस्तर सांगत राहिले. उजाडताना तो हवालदार म्हणाला, "झालं बघा. दार सहाला उघडतं. रोज उघडतं. एवढंच धरून ठेवायचं." आणि पाळी संपवून गेला.

"मला दुसऱ्या दिवशी दुपारी समजलं," शेठजी म्हणाले. "त्याला भाव नको होते. दर अर्ध्या तासाला मी आहे ना, एवढं त्याला बघायचं होतं."

नव्याने आलेल्या माणसाची पहिली रात्र हीच सर्वांत धोक्याची, हे मला सुभेदारांनी पूर्वी कधीतरी सांगितले होते. पण ते सर्वसाधारण माहिती म्हणून. उदाहरण दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी चौविहाराची अडचण भीतभीत काढली. हवालदाराने तो शब्द प्रथमच ऐकला. अर्थ समजल्यावर म्हणाला, "मग शेठ, काळजी नको. इथं संध्याकाळचं जेवण बंदीच्या आधीच येतं. तुमचं व्रत इथं मोडायचं नाही." आणि खरोखरच, उरलेले सर्व दिवस शेठजींनी सूर्यास्तापूर्वीच अन्न घेतले. बाकीचे भाकऱ्या कापडात गुंडाळून रात्री आठला थंड खात असत.

"आणि त्या माणसाला मी मांडवात ओळख दिली नाही," शेठजी म्हणाले. "व्याही शेजारी होते हो."

मी हे सुभेदारांच्या कानावर घातले. आता तरी ते कबूल करतील असे मला वाटले होते. ते चालायचे थांबले नाहीत. "साहेब, आत भेटलेल्या माणसाला बाहेर आपण पहिली ओळख द्यायची नाही. पुस्तकात नाही हा नियम, पण आम्ही पाळतो. बसमध्ये, बाजारात, देवळात. त्यानं हाक मारली तर थांबायचं, नाही मारली तर पुढं जायचं. त्याच्याबरोबर कोण आहे, त्यानं घरी काय सांगितलंय, आपल्याला काय माहीत? त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मला त्यांचा रागही नाही आणि मी त्यांना ओळखतही नाही."

आपल्या व्यापारी वाचकांसाठी दोन गोष्टी नोंदवून ठेवतो, कारण पैशाच्या बाबतीत आपण व्यवहारी माणसे आहोत. पिठाच्या पोत्यांमागे झोपलेल्या त्या मुलासारख्यांसाठी आता काही वाटा झाल्या आहेत. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. त्याच वर्षी केंद्र शासनाने गरीब बंद्यांच्या जामिनासाठी आणि दंडासाठी अर्थसाहाय्याची योजनाही आणली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे, काही गंभीर गुन्हे वगळता, प्रथमच आरोपी झालेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. आणि त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याचे काम कारागृह अधीक्षकावर आहे. म्हणजे फायली चाळून अशी माणसे शोधणे हेही आता या खात्याच्या रोजच्या कामात आले. सुभेदार म्हणतात, कायदा चांगला आहे, फायली चाळायला माणसे द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय प्रत्येक जिल्हा न्यायालयात असते. ज्यांना दानाची पावती कोठे फाडावी असा प्रश्न पडतो, त्यांनी तेथे एकदा चौकशी करून पाहावी.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी शेठजींची अनुमती घेतली. कच्चा मजकूर त्यांना वाचायला दिला. गावाचे नाव आणि एक-दोन तपशील त्यांच्या सांगण्यावरून वगळले आहेत. धान्याच्या व्यापाराऐवजी कापडाचा करू का, असे मी विचारले होते. ते म्हणाले, "नको. मग तुरीचा भाव कसा येणार?"

निघताना दाराशी चपला घालता घालता त्यांनी विचारले, हवालदार हे मासिक घेतात का? मी म्हणालो, नाही. अंक आला की मीच नेऊन देणार आहे.

"तुम्ही नका देऊ," शेठजी म्हणाले. "एक प्रत माझ्यासाठी बाजूला ठेवा. सकाळी किती वाजता निघता तुम्ही फिरायला?"

मी सांगितले, सहाला.